पूर्ण शुद्धीत तोडलेली जास्वंद

त्या वर्षी आमच्या घरात एकाच वेळी दोघींच्या परीक्षा चालू होत्या. माझी फौजदारी कायद्याची आणि सासूबाईंची डोकं ठिकाणावर असल्याची. माझ्या परीक्षेची तारीख ठरलेली होती. त्यांची रोजच चालायची, आणि ती चालू आहे हे त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. तरी त्यांना ते पहिल्याच आठवड्यात कळलं, कारण परीक्षक त्यांचा स्वतःचा मुलगा होता आणि त्याला लहानपणापासून चेहऱ्यावरचं काही लपवता येत नाही.

सासरे आदल्या वर्षी गेले. त्यानंतर सासूबाई साताऱ्याच्या घरात एकट्याच राहत होत्या आणि खरं सांगायचं तर चांगल्या राहत होत्या. पण आपण सिंगापुरात आणि आई तिकडे एकटी, या विचाराने नवऱ्याची झोप उडाली होती. शेवटी व्हिजिट पासवर काही महिन्यांसाठी त्याने त्यांना क्वीन्सटाउनच्या आमच्या फ्लॅटमध्ये आणलं. त्यांचं म्हणणं साधं होतं, थोडे दिवस राहते, मग माझ्या घरी जाते. त्यावर तो म्हणाला, "बघू." हे "बघू" त्याने इतक्या प्रेमाने म्हटलं की त्यातली अट आम्हा दोघींच्याही लगेच लक्षात आली. आई एकटी राहण्याइतकी ठीक आहे अशी त्याची खात्री पटली, तरच साताऱ्याचं तिकीट निघणार होतं. नाहीतर त्या घराला कायमचं कुलूप.

नवरा मरीन इंजिनिअर. बरीच वर्षं बोटीवर काढून आता अलेक्झांड्राच्या बाजूला एका ऑफिसात बसतो. बोटीवर काही मोडलं, जळलं, बंद पडलं की ते का झालं हे शोधून त्याने रिपोर्ट लिहायचा. त्याच्या रिपोर्टात शेवटी दोनच कारणं निघतात, एक तर यंत्राचा दोष, नाहीतर माणसाची चूक. आईकडेही तो तसाच बघायला लागला. त्यांनी डोक्यावरचा चष्मा घरभर शोधला की याच्या कपाळाला आठी. मी रोज तेच करते, माझी त्याला कधी काळजी वाटली नाही. त्या लिफ्टमधून चुकीच्या मजल्यावर उतरल्या, आठी. दुधाऐवजी सोया दूध घेऊन आल्या, आठी. आता सोया दुधाच्या खोक्यावर सिंगापुरात जे छापलेलं असतं ते वाचून मीसुद्धा दोनदा फसले होते.

आणि ज्यांच्या डोक्याबद्दल ही शंका, त्या कोण? साताऱ्याच्या सिव्हिल हॉस्पिटलात ऑपरेशन थिएटरच्या सिस्टर. अख्खी नोकरी त्यांनी सर्जनच्या हातात योग्य वेळी योग्य हत्यार देण्यात घालवली. तिथला एक नियम त्यांनी घरातही चालवला होता. चूक झाली की त्या क्षणी तोंडाने सांगायची, मोठ्याने, खोलीतल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशी. त्यामुळे त्यांच्या हातून आमटी खारट झाली तर आधी त्याची घोषणा व्हायची आणि मग पानं वाढली जायची. माझ्या माहेरी खारट आमटी सगळ्यांनी मुकाट्याने गिळायची पद्धत होती. मला ही पद्धत फार आवडली.

माझं म्हणाल, तर मुलगी शिकायला बाहेर गेली, घर रिकामं झालं, आणि भांडायची हौस मला पहिल्यापासून. तेव्हा घरी बसून इंग्लंडच्या कायद्याची पदवी करायचं मी ठरवलं. इथला कायदा वेगळा, तो आपल्या भारतातल्या जुन्या दंडसंहितेचा भाऊ. पण मला इंग्लंडचा शिकायचा होता, कारण अभ्यासक्रम तो मिळत होता. त्या सत्रात फौजदारी होता. त्याचं मुख्य सूत्र असं की नुसतं कृत्य वाईट असून भागत नाही, करणाऱ्याचं मनही त्यात सापडावं लागतं. पुस्तकात त्याला लॅटिन नाव आहे, मेन्स रिआ, म्हणजे अपराधी मन. माणसाने ते मुद्दाम केलं, की धोका दिसत असताना बेपर्वाईने केलं, की जो धोका कुणालाही दिसला असता तो याला दिसलाच नाही, यावर पुढचं सगळं ठरतं. काही किरकोळ गुन्ह्यांत मात्र मन बघतच नाहीत. केलंत ना, मग भरा.

हे सगळं मी सासूबाईंना स्वयंपाकघरात शिकवायची. दुसऱ्याला सांगितलं की माझ्या डोक्यात बसतं, आणि त्या पोळ्या लाटत असल्यामुळे उठून जाऊ शकत नव्हत्या.

"आई, समजा मी तुमच्यावर लाटणं फेकलं."

"फेकून तर बघ."

"समजा हो! आणि तुम्ही बाजूला झालात, ते लागलं तुमच्या मुलाला. तर?"

"तर बरं झालं."

"आई! कायदा म्हणतो, माझा उद्देश तुमच्यावरून उचलायचा आणि त्याच्यावर ठेवायचा. गुन्हा तोच राहतो."

"एवढं सांगायला एवढं जाड पुस्तक लागतं त्यांना?" त्या म्हणायच्या आणि तव्यावरची पोळी उलटायच्या.

मनाबिनाच्या या भानगडीला त्यांच्या लेखी काडीची किंमत नव्हती. टाका मुद्दाम चुकवला काय आणि चुकून चुकला काय, पेशंटला दुखायचं तेवढंच दुखतं. मनात काय होतं ते वर गेल्यावर देव विचारेल, खाली माणसांनी हाताने काय केलं तेवढं बघावं. मी बेपर्वाईवर एक मोठा मुद्दा मांडला की त्या शांतपणे म्हणायच्या, "दोघांनाही दोन-दोन द्याव्यात आणि घरी पाठवावं." परीक्षेत हे लिहिता आलं असतं तर माझा पेपर अर्ध्या तासात संपला असता. पण त्यांच्याशी वाद घालताना मला जे समजलं ते एकटीने वाचून कधी समजलं नव्हतं. गेल्या कित्येक वर्षांत मी इतकी हसलेही नव्हते.

आता फुलाचं. आमच्याकडे गणपतीची छोटी मूर्ती आहे. लिटिल इंडियातून आठवड्याला मी हार, मोगरा, तुळस आणत असे. जास्वंद मात्र मला तिथे कधी दिसली नाही. ते फूल संध्याकाळपर्यंत मान टाकतं, हारवाला ते ठेवून काय करणार. तरी सासूबाई आल्यापासून दुसऱ्या आठवड्यातच आमच्या गणपतीच्या डोक्यावर रोज सकाळी एक लालभडक, ताजी जास्वंद दिसायला लागली. कुठून आली हे मी विचारलं नाही, आणि नवरा देव्हाऱ्याकडे कधी बघत नाही. परीक्षा तोंडावर आलेल्या बाईला घरात आयतं येणारं काहीही चालतं.

एका शनिवारी सकाळी लिफ्टची दुरुस्ती चालू होती, म्हणून नवरा पळायला जाताना जिन्याने उतरला आणि दोनच मिनिटांत परत आला. चेहरा पांढरा पडलेला.

"आई खालच्या मजल्यावर आहे," तो हळू आवाजात म्हणाला. "दुसऱ्यांच्या दारात. त्यांच्या कुंडीतलं फूल तोडतेय."

मला हसू आलं. पण त्याच्याकडे बघून मी ते आवरलं.

"अगं, तिला वाटतंय ती साताऱ्यात आहे," तो म्हणाला. "तिथे ती सकाळी फुलं गोळा करायची ना, तसंच. तिला आपण कुठे आहोत तेच कळत नाहीये."

तो सोफ्यावर बसला. गेले कित्येक आठवडे तो जे शोधत होता ते त्याला सापडलं होतं, आणि सापडायला नको होतं असं त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. मला त्याची दया आली. आपल्या आईच्या डोक्यातला एकेक दिवा विझतोय असं वाटणं काय असतं, ते मी माझ्या वडिलांच्या वेळी बघितलेलं आहे.

सासूबाई जिन्याने वर आल्या, नेहमीसारखं "आज फार उकडतंय" म्हणून आंघोळीला गेल्या. त्या गेल्याबरोबर नवरा उठला आणि मी काही म्हणायच्या आत माफी मागायला खाली गेला. सिंगापुरात पान तोडलं तरी दंड होतो हे त्याच्या डोक्यात पक्कं बसलेलं. त्यात कॉरिडॉरमध्ये कॅमेरे. चूक वर यायच्या आधी रिपोर्ट करायची त्याची सवय.

परत आला तेव्हा मी स्वयंपाकघरात होते आणि सासूबाई बाहेरच्या खोलीत पूजेला बसल्या होत्या. त्यांची घंटा वाजत होती म्हणून त्याला वाटलं त्यांना ऐकू जाणार नाही.

"मिटलं," तो म्हणाला. "खाली एक म्हाताऱ्या चिनी आंटी एकट्या राहतात. त्यांची मुलगी शनिवार-रविवार सेरंगूनहून येते, तिनेच दार उघडलं. मी सांगितलं, माझी आई वयस्कर आहे, तिचा गोंधळ होतो, काय करतेय ते तिला कळत नाही. फार चांगली बाई आहे. म्हणाली, नेव्हर माइंड, माझ्या आईचंही हल्ली तसंच झालंय. ती म्हणते रोज कुणीतरी फूल नेतं. रोज एक! जास्वंदीचं फूल रोज कोण कशाला नेईल? मुलीला आता आईला एकटं ठेवायची भीती वाटते. हे घर बंद करून तिला सेरंगूनला घेऊन जाणार आहे."

घंटा थांबली.

"रोजच जातं," बाहेरून आवाज आला. "मीच नेते."

आम्ही दोघं बाहेर आलो. सासूबाई पाटावरून वळून बसल्या होत्या. हातात घंटा तशीच.

"आई, जाऊ दे आता," तो म्हणाला. "तुला कळलं नाही, होतं असं."

"मला कळलं नाही?" त्या इतक्या हळू बोलल्या की मला त्यांच्या थिएटरमध्ये उभं असल्यासारखं वाटलं. "कुंडी दुसऱ्याची आहे हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. दार त्यांचं, कुंडी त्यांची, फूल त्यांचं. मी आधी बघितलं, ठरवलं, हात लांब केला आणि तोडलं. दोन उमललेली असली तरच एक घेतलं. कळीला हात लावला नाही."

"अगं, मग ती चोरी झाली!"

"मग चोरी म्हण. चोर म्हण मला, चालेल. पण परक्याच्या दारात जाऊन माझ्या आईला कळत नाही म्हणून सांगू नकोस."

त्यांचा आवाज शेवटी फाटला. इतक्या दिवसांत तो मी पहिल्यांदा फाटलेला ऐकला. सासरे गेले त्या दिवशीही नव्हता. त्यांना नुसतं वाईट वाटलं नव्हतं, त्या घाबरल्या होत्या, आणि कशाला ते आम्हा तिघांनाही माहीत होतं. त्यांना न कळता फूल तोडलं असेल तर त्या निर्दोष, पण मग साताऱ्याचं घर गेलं. कळून तोडलं असेल तर घर राहिलं, पण मग त्या चोर ठरल्या, तेही सिंगापुरात. मुलगा त्यांना सोडवायला गेला आणि नेमकं त्या सुटकेतच त्यांना अडकवून आला होता. करायला गेला गणपती आणि झाला मारुती.

आणि मला, खोटं कशाला बोलू, आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. ज्या प्रश्नावर मी महिनाभर डोकं फोडत होते तो माझ्या घरात, पाटावर, हातात घंटा घेऊन बसला होता. मी हात पुसले आणि समोर बसले.

"आई, नीट सांगा. फूल घेताना तुमच्या मनात काय होतं?"

"गणपती."

"ते कशासाठी घेतलं, ते झालं. त्याला इथे किंमत नाही."

"गणपतीला किंमत नाही?"

"इंग्लंडच्या कायद्यात नाही. देवासाठी घेतलं काय नि स्वतःच्या केसात माळायला घेतलं काय, मुद्दाम घेतलं ते घेतलंच."

"म्हणूनच त्यांचं राज्य गेलं," सासूबाई म्हणाल्या. आवाज थोडा जागेवर आला होता.

"बरं, ज्यांचं फूल घेतलं त्यांच्याबद्दल मनात काय होतं?"

यावर त्यांनी विचार केला. खोटं उत्तर चटकन येतं, याला वेळ लागला. "त्यांच्या दाराशी लाल रंगाचा देव्हारा आहे," त्या म्हणाल्या. "सकाळी उदबत्ती लावलेली असते. पुढे संत्री मांडलेली असतात. मला वाटलं, देवाचं करणारी बाई आहे. आमच्या आळीत सकाळी देवापुरतं फूल कुणीही कुणाच्या कुंपणातून घेतं. रीतच आहे तशी. झाड रिकामं करायचं नाही, एवढं पाळायचं. माझ्या तगरीची फुलं निम्मी गल्ली नेते. मला वाटलं, यांना विचारलं असतं तर हो म्हणाल्या असत्या."

"मग विचारलं का नाही?" नवऱ्याने मध्येच तोंड घातलं.

"कुठल्या भाषेत विचारू? त्या चिनी बोलणार."

मी जागच्या जागी उडीच मारली. धावत जाऊन पुस्तक आणलं, पान काढलं आणि उभ्या उभ्या त्यांना मराठीत सांगितलं. चोरी ठरायला नुसतं मुद्दाम घेणं पुरत नाही, घेणाऱ्याच्या मनात अप्रामाणिकपणा लागतो. आणि मालकाला सगळं कळलं असतं तर त्याने हो म्हटलं असतं, असं ज्याला खरोखर वाटत असतं, तो माणूस अप्रामाणिक नाही. इंग्लंडच्या कायद्यात हे लिहून ठेवलंय!

"पण त्या खरंच हो म्हणाल्या असत्या का?" नवऱ्याने विचारलं.

"त्याचा संबंधच नाही! आईंना मनापासून तसं वाटत होतं का, एवढाच प्रश्न आहे."

"हे फारच सोयीचं आहे," तो म्हणाला.

"म्हणजे मी शुद्धीवर आहे की नाही?" सासूबाईंनी विचारलं. त्यांना तेवढंच हवं होतं.

"पूर्ण शुद्धीवर, आई. जे केलंत ते बघून, ठरवून, मुद्दाम केलंत. आणि तरी तुम्ही चोर नाही."

मला वाटलं होतं त्या खूश होतील. त्या उठल्या, घंटा जागेवर ठेवली आणि म्हणाल्या, "आणि त्या खालच्या बाई? त्या खरं बोलतायत आणि त्यांना घरातून उठवतायत. माझ्या एका फुलापायी." त्यांनी कपाटातून इस्त्रीची साडी काढली. "चल."

"आई, कशाला वाढवतेस? मी मिटवलंय ना," नवरा म्हणाला.

"तू तुझं मिटवलंस. आणि तूही चल. रिपोर्ट तू दिलायस."

माफी मागायला रिकाम्या हाताने जात नाहीत म्हणून त्यांनी बेसनाच्या लाडवांचा डबा घेतला. आम्ही तिघं जिन्याने एक मजला उतरलो. पुढे त्या, मध्ये मी, मागे नवरा. खालच्या दारापुढे कुंड्यांची रांग होती आणि जास्वंदीवर एक फूल उमललेलं होतं. म्हणजे झाड खरोखरच रिकामं केलेलं नव्हतं. मी ते वकिलासारखं मनात टिपलं.

दार मुलीने उघडलं. नवऱ्याला ओळखून ती हसली, आणि मग सासूबाईंकडे बघून तिने तोच चेहरा केला जो नवरा चष्म्याच्या वेळी करतो. तिच्या मागे खुर्चीत आंटी बसल्या होत्या. फुलाफुलांचा ब्लाउज, अर्धी चड्डी, आणि आमच्या सासूबाईंएवढ्याच किंवा त्यांच्याहून थोड्या मोठ्या. सासूबाई सरळ त्यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. इंग्रजी त्यांचं हॉस्पिटलातलं, मोजकं, पण त्यात कुठे काही धूसर नव्हतं.

"मॅडम. आय टेक युवर फ्लॉवर. एव्हरी डे. वन." त्यांनी एक बोट वर केलं. "आय नो इट इज युवर फ्लॉवर. आय ॲम नॉट कन्फ्यूज्ड." मग वळून मुलाकडे बोट दाखवलं. "ही इज कन्फ्यूज्ड."

आंटी सासूबाईंकडे बघत राहिल्या. मग त्यांनी स्वतःच्या मांडीवर अशी थाप मारली की मी दचकले.

"सी!" त्या मुलीवर ओरडल्या. "आय टेल यू ऑलरेडी! एव्हरी डे वन! यू डोन्ट बिलीव्ह मी!"

"मा, आय थॉट..."

"यू थॉट, यू थॉट! यू थॉट आय सिली!" आणि पुढचं सगळं त्यांच्या भाषेत, न थांबता. मला एक शब्द कळला नाही आणि सगळं कळलं. मुलगी खाली मान घालून उभी होती. आंटी उठल्या, सासूबाईंचं मनगट धरलं आणि त्यांना ओढत बाहेर कुंडीपाशी घेऊन गेल्या.

"येस्टरडे हॅव टू फ्लॉवर. यू टेक द बिग वन?"

"बिग वन," सासूबाईंनी कबूल केलं.

"करेक्ट!" आंटी मुलीकडे वळून म्हणाल्या. "फ्रायडे, बिग वन! आय टेल यू ऑर नॉट?"

चोर सापडल्याचा इतका आनंद झालेला मालक मी पुस्तकात कुठे वाचलेला नाही. त्या एकेका दिवसाचं फूल विचारत होत्या आणि सासूबाई एकेकाला हो म्हणत होत्या, जणू दोघी जुन्या ओळखीच्या बायका लग्नातल्या आठवणी काढत होत्या. मला गप्प बसवेना. विद्यार्थिनी आहे मी, पुरावा हातातून सोडायचा कसा?

"आंटी," मी विचारलं, "इफ शी आस्क यू फर्स्ट, यू गिव्ह ऑर नॉट?"

आंटींनी नीट विचार केला. "नो लाह!" त्या म्हणाल्या. "माय फ्लॉवर. व्हाय गिव्ह?"

नवऱ्याने माझ्याकडे जे बघितलं ते मी जन्मात विसरणार नाही. "तरीही फरक पडत नाही," मी त्याला मराठीत सुनावलं. "आईंना काय वाटलं तेच बघायचं."

"काय म्हणाल्या त्या?" सासूबाईंनी विचारलं. मी सांगितलं. त्या आधी थबकल्या आणि मग कठड्याला धरून हसत सुटल्या. "रोज म्हटल्यावर मीही दिलं नसतं," त्या म्हणाल्या.

"आई, गप्प बसा, केस बिघडेल!"

त्यांना हसताना बघून आंटीही हसायला लागल्या, कशाला ते न कळताच. बाजूला नवरा आणि आंटींची मुलगी लाडवांचा डबा मध्ये धरून उभे होते. डबा नेमका कुणी कुणाकडून घेतलाय ते दोघांनाही कळत नव्हतं.

"मी आईकडून या घराच्या किल्ल्या काढून घेणार होते," मुलगी त्याला इंग्रजीत हळूच म्हणाली. "पुढच्या आठवड्यात."

"मीसुद्धा जवळपास तेच करणार होतो," नवरा म्हणाला.

शेवटी आंटींनी निकाल दिला. त्यांनी झारी आणून सासूबाईंच्या हातात ठेवली. "नाउ यू टेल मी ऑलरेडी, कॅन टेक. एव्हरी डे वन. बट यू वॉटर." मग टोकाच्या कुंडीकडे बोट करून त्यांनी बजावलं, "नॉट द पिंक वन." सासूबाईंनी शिक्षा तिथल्या तिथे भोगायला सुरुवात केली. गुलाबीलाही पाणी घातलं, फक्त तिच्याकडे बघितलं नाही.

वर आल्यावर दिवसभर नवरा घरात नुसता वावरत होता. एकदा आईच्या खोलीच्या दाराशी गेला आणि परत फिरला, एकदा साताऱ्याच्या शेजाऱ्यांना फोन लावून घराचा नळ दुरुस्त झाला का विचारलं. मी पुस्तक उघडून बसले होते, पण माझं पान काही उलटत नव्हतं. सकाळपासून मी जिंकल्याच्या गुर्मीत होते. संध्याकाळी कुकरची शिट्टी झाली तेव्हा माझ्या लक्षात आलं, मी नेमकं काय जिंकलं होतं ते. सासूबाईंचं डोकं ठिकाणावर आहे हे मी सिद्ध केलं होतं, आणि डोकं ठिकाणावर असलेली बाई आपल्या घरी जाते. मला त्या जायला नको होत्या. लाटणं मी आता कुणावर फेकणार होते?

जेवताना तो बोलला. ताटाकडे बघतच.

"आई, परतीचं तिकीट कधीचं काढू?"

माझा घास हातातच राहिला. सासूबाईंनी पोळीचा तुकडा मोडला, आमटीत बुडवला, खाल्ला.

"हिची परीक्षा कधी संपतेय?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं. त्याला अजून बराच अवकाश होता.

"तोवर थांबलंच पाहिजे असं काही नाही, आई," तो म्हणाला. "तुला पाहिजे तर मी उद्याचंसुद्धा बघतो."

"उद्याचं काढलंस तर मी जाऊ शकते?"

"हो."

"एकटी?"

"हो, आई," तो म्हणाला, आणि आता त्याने मान वर करून त्यांच्याकडे बघितलं. "एकटी."

सासूबाईंनी थोडा वेळ त्याचा चेहरा न्याहाळला. त्याला कधीच काही लपवता आलेलं नाही.

"मग थांबते," त्या म्हणाल्या, आणि त्याच्या ताटात आणखी एक पोळी वाढली.